आजोबांच्या नावाने पुरस्कार नको, आधी ती पोती वाचवा

प्रश्न थोडक्यात असा: आजोबा शिल्पकार होते. स्वातंत्र्याआधी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, मग तालुक्याच्या गावी येऊन आयुष्यभर अर्धपुतळे, चौकातले पुतळे आणि देवळांतल्या मूर्ती केल्या. 1971 साली गेले. घरामागच्या शेडमध्ये चाळीसेक प्लास्टरची कामं, साच्यांच्या तुकड्यांची पोती, दोन ट्रंका कागद आणि काही काचेच्या निगेटिव्ह आहेत. जागा बिल्डरला द्यायचं घाटतंय. भावंडांनी दरवर्षी एक लाख रुपये बाजूला काढायचं ठरवलंय. त्यातून पुरस्कार सुरू करावा, की एखादं काम ब्राँझमध्ये ओतून घ्यावं? शिल्पकलेवरच्या संशोधनाला खरी मदत कशी करायची? चुलतबहीण आज इन्स्टॉलेशन (मांडणीशिल्पं) करते, तिचं काही यात बसेल का?

पुरस्कार देऊ नका. फटकन बोलते, राग मानू नका. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, हॉलचं भाडं आणि पाहुण्यांचा प्रवास यात तुमच्या लाखातले साठ हजार जातील आणि आजोबांबद्दल पुढच्या वर्षी कुणाला एक ओळही जास्त कळलेली नसेल. ब्राँझचं नंतर बोलू. आत्ता घाई आहे ती शेडची.

शेड रिकामी करायच्या आधी ती आहे तशी टिपून ठेवा. झाडू मारू नका, वस्तू हलवू नका. दारात उभं राहून, मग प्रत्येक भिंतीसमोर, मग प्रत्येक फळीचे फोटो काढा. मोबाइल चालतो. कुठली वस्तू कुठल्या वस्तूशेजारी होती ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही. एखाद्या अनामिक चेहऱ्याच्या मागे त्याच माणसाचा फोटो खिळ्याला अडकवलेला असतो. फोटो ट्रंकेत आणि चेहरा टेंपोत गेला, की दोघंही अनाथ.

मग ती पोती. घरच्यांना तो प्लास्टरचा राडारोडा वाटतो. बहुधा ते तुकड्यांचे साचे असणार, म्हणजे एकेका पुतळ्याचा साचा दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त तुकड्यांत, एकात एक बसणाऱ्या खाचांसकट. एका साच्याचे सगळे तुकडे एका पोत्यात असले तर तो साचा आहे. दोन साच्यांचे तुकडे मिसळले तर महिनोन्‌महिने बसून जुळवावे लागतात आणि पाच पोती एकत्र ओतली तर खरंच राडारोडा होतो. म्हणून पोती उघडू नका, तोंडं बांधा, बाहेरून आकडा टाका आणि ती ज्या कोपऱ्यात होती त्याचा फोटो त्याच आकड्याखाली ठेवा. एका घरी मी दोन दिवस उशिरा पोचले. अंगणात फरशीखाली भर म्हणून सगळे साचे पसरून झाले होते. घरची माणसं चांगली होती, चहा दिला, 'तुम्ही आधी सांगायचं होतं' म्हणाली. त्या फरशीवर बसूनच मी तो चहा प्यायले.

प्लास्टरच्या कामांना पाण्याचा हात लावू नका. धूळ मऊ ब्रशने, वरून खाली. पिवळसर झिलई दिसली तर तो बहुधा लाखेचा हात आहे, मळ नव्हे. आत लोखंडी सांगाडा असतो. तो ओल धरून फुगला की प्लास्टर आतून फुटतं, म्हणून सिमेंटच्या जमिनीवर थेट न ठेवता फळ्यांवर ठेवा. आणि एक गोष्ट नीट बघा: नाक, हनुवटी, कपाळ, खांदा अशा उंच जागांवर पेन्सिलीचे फुलीसारखे ठिपके, बारीक भोकं किंवा रुतवलेले छोटे खिळे आहेत का? असतील तर त्या प्लास्टरवरून मापं घेऊन कुणीतरी संगमरवर कोरला आहे. ते ठिपके म्हणजे पॉइंटिंग मशीनच्या, म्हणजे प्लास्टरवरची मापं दगडावर नेणाऱ्या यंत्राच्या, सुईच्या जागा. म्हणजे याच चेहऱ्याचा दगडी भाऊ कुठेतरी शाळेत, देवळात किंवा कचेरीत उभा आहे. एका उत्साही नातवाने अशी भोकं पुट्टी लावून बुजवली आणि वरून ऑइलपेंट मारला. चेहरा छान गुळगुळीत झाला, पुरावा गेला.

आपल्याकडे प्लास्टरला कच्चं काम समजतात, हा मूळ घोळ आहे. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे.जे.च्या विद्यार्थ्याने केलेली ती पूजेला निघालेली नऊवारीतली मुलगी. मूळ काम प्लास्टरचं. तिचे फोटो फिरले आणि रवींद्रनाथ ठाकुरांपर्यंतच्या माणसांनी तिच्यावर लिहिलं. शिल्पकाराची बोटं प्लास्टरमध्ये दिसतात, कारण ते थेट त्याच्या मातीवरून उतरलेलं असतं. ब्राँझमध्ये त्याच्याबरोबर ओतकाम करणाऱ्याचा, कानशीवाल्याचा आणि रंग चढवणाऱ्याचाही हात मिसळतो. संशोधकाला दोन्ही हवं असतं, पण निवड करायची वेळ आली तर मी प्लास्टर उचलेन.

आता ब्राँझ. ओतून घेऊ नका असं कायमचं सांगत नाही, आत्ता नको म्हणते. ओतताना प्लास्टरवर साचा काढावा लागतो, त्यात जुन्या पृष्ठभागाचं नुकसान होऊ शकतं. शिवाय मृत्यूनंतर ओतलेलं काम हा वेगळाच प्रकार. फ्रेंच शिल्पकार रोदाँने 1916 साली आपलं काम फ्रेंच सरकारला दिलं, पुढच्या वर्षी तो गेला. त्याचं 'नरकाचं दार' त्याच्या हयातीत ब्राँझमध्ये ओतलंच गेलं नव्हतं, आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात ती सगळी दारं नंतरची. म्हणून फ्रान्समध्ये पुढे नियम आला: एका कामाच्या बाराच प्रती, आठ क्रमांकाच्या आणि चार कलावंताच्या म्हणून वेगळ्या. तुम्ही कधी ओतलंच तर मागे ओतल्याचं साल, प्रत क्रमांक आणि फाउंड्रीचं नाव उमटवा. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी ते आजोबांच्या हातचं म्हणून विकेल, आणि बहुधा ते तुमचंच कुणीतरी असेल.

ट्रंका उघडताना मला फार अपेक्षा पत्रांची नसते. हिशेबाच्या वह्यांची असते. दगड कुठून आला, रेल्वेचं भाडं किती पडलं, प्लास्टरची गोणी केवढ्याला, कुणाला किती मजुरी, कुठल्या पुतळा समितीने किती बुडवले. पुतळा समित्यांनी पैसे बुडवणं ही महाराष्ट्राची जुनी परंपरा आहे, आणि त्यासाठी लिहिलेली तगाद्याची पत्रं हा आम्हा शिल्पकलेच्या संशोधकांचा सर्वांत विश्वासू दस्तऐवज. त्यात तारखा असतात, रकमा असतात आणि माणूस रागावलेला असल्याने खरं बोलतो.

कारण शिल्पकारांभोवती दंतकथा फार जमतात. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांची, 1954 च्या दसऱ्याला बसवलेली. बाबा 1918 साली गेले होते, तालमांसमोर फोटो होता. इथवर ठीक. पण तो इटालियन संगमरवर मुंबई बंदरात कुणी न सोडवता कसा पडून राहिला, लिलावात कसा मिळाला, याची कथा प्रत्येक सांगणारा वेगळी सांगतो. भक्तासाठी कथा पुरेशी आहे. संशोधकाला बंदराची पावती लागते. विनायक पांडुरंग करमरकर यांच्याबद्दल सांगतात की त्यांच्या गावच्या, सासवन्याच्या, देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिलं आणि पोराला जे.जे.ला धाडलं. कथा सुंदर आहे, पण तिच्या पाठीशी जे.जे.च्या हजेरीपटातली एक ओळ मिळाली तर मला जास्त आनंद होईल. तुमच्या घरातही आजोबांच्या अशा तीन-चार गोष्टी नक्की असतील. त्या लिहून ठेवा, पण कुणी सांगितली आणि कधी, हे शेजारी लिहा.

सासवन्याला मात्र एकदा जाऊन याच. अलिबाग तालुक्यात, समुद्राकाठी, करमरकरांचं स्वतःचं घर आहे, शिल्पांसकट राखलेलं. ज्या माणसाचा अश्वारूढ शिवाजी 1928 साली पुण्यात उभा राहिला, ज्याचं ओतकाम माझगाव डॉकमध्ये झालं, त्याच्या घरी तुम्हाला सिमेंटमधल्या कोळणी, म्हशी, घरची माणसं भेटतात. अवाढव्य स्मारकं करणारा हात घरी काय करत होता हे तिथेच कळतं. संग्रहालय म्हणजे एसी आणि काचेची कपाटं नव्हे, हेही कळेल. घरच्यांनी फेकलं नाही, एवढ्यावर ते उभं आहे.

बाहेरच्या पुतळ्यांचं सांगते. आजोबांनी केलेल्या चौकातल्या पुतळ्यांची यादी घरात तोंडी असेलच. एकेक गावाला जा, समोरून फोटो सगळेच काढतात, तुम्ही मागून काढा. पाठीवर, पदराच्या टोकाला, पायाजवळच्या पट्टीवर सही किंवा फाउंड्रीचा शिक्का असतो. चौथऱ्यावरच्या तारखेवर मात्र विसंबू नका. सुरुवातीच्या काळात मी एका पुतळ्याचं साल चौथऱ्यावरून लिहिलं आणि छापलंही. नंतर नगरपालिकेचा ठराव हाती आला. पुतळा नऊ वर्षं आधी तयार होऊन गोदामात पडला होता. जागेवरून वाद, मग पाहुणा मिळेना, मग निवडणूक. म्हणजे मी शैलीचा जो 'विकास' मोठ्या विद्वत्तेने दाखवला होता तो उलटा होता. तेव्हापासून ठराव, वर्गणीची यादी, अनावरणाच्या आठवड्यातलं स्थानिक वर्तमानपत्र आणि 'केसरी'सारखी जुनी फाइल, हे चार पाहिल्याशिवाय मी साल लिहीत नाही. सरकारी पत्रव्यवहार असेल तर मुंबईचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. आणि कागद नेहमी पुतळ्याच्या गावी असतात असंही नाही. गिरगाव चौपाटीवरचे लोकमान्य रघुनाथ कृष्ण फडक्यांचे. फडके वसईचे, पण पुढे मध्य प्रदेशातल्या धारला स्थायिक झाले. मुंबईच्या वाळूतला पुतळा समजून घ्यायला माळव्यात जावं लागतं.

पुतळा बसवल्यानंतर त्याचं काय झालं, हेही संशोधनच. मुंबईतला मॅथ्यू नोबलचा व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घ्या. दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासलं होतं. तो डाग शिल्पाच्या चरित्राचा भाग आहे. मुंबईच्याच काळा घोडा भागातला, बोहम या शिल्पकाराने केलेला घोड्यावरचा युवराज एडवर्ड 1965 मध्ये जागेवरून उठला, राणीच्या बागेत गेला, आणि जागेचं नाव मात्र घोड्याने ठेवून घेतलं. आता तिथे 2017 पासून बिनस्वाराचा घोडा आहे. तुमच्या आजोबांच्या पुतळ्यांना कुणी सोनेरी रंग मारला असेल तर चिडून खरवडायला जाऊ नका. (मी एकदा एका कार्यालयाला ब्राँझवरचा सोनेरी ऑइलपेंट काढा म्हणून पत्र दिलं. त्यांनी तातडीने कार्यवाही केली: रुपेरी मारला.) कधी, कुणी, कुठल्या जयंतीला रंगवला ते नोंदवा. काढायचं काम ज्याला येतं त्याने करावं.

देवळांतल्या मूर्तींना वेगळी रीत. त्यांच्यावर सही नसते, अंगावर वस्त्रं असतात, कधी शेंदराचा जाड थर. तिथे टेप घेऊन घुसायचं नाही. गुरवाला किंवा पुजाऱ्याला आधी भेटा, अभिषेकाच्या वेळी पाच मिनिटं दर्शन मिळतं, तेवढ्यात डोळ्यांनी जे टिपता येईल ते टिपा. परळचा सप्तमूर्ती शिव 1931 साली रस्त्याच्या कामात सापडला आणि बारादेवीच्या देवळात त्याची पूजा सुरू झाली, आजही आहे. अभ्यासकांसाठी त्याची प्लास्टरची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. देव देवळात राहिला आणि अभ्यासही अडला नाही. अशी तडजोड सगळीकडे निघत नाही, पण विचारून पाहायला काही जात नाही. जाता जाता: शेडमागे आजोबांनी कुठून तरी आणलेला वीरगळ किंवा जुनी मूर्ती असेल, शिल्पकारांना ही खोड असते, तर ती टेंपोत चढवण्याआधी चौकशी करा. शंभर वर्षांवरचं शिल्प 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि त्याची नोंदणी लागते.

आता जे सगळ्यात जास्त निसटतं त्याबद्दल. आजोबांच्या हाताखाली कोण होतं? माती मळणारा, साचे काढणारा, दगडावर पहिली छिन्नी मारणारा पाथरवट, ओतकामाला जाऊन बसणारा. पुतळ्याखाली एकच नाव असतं, पण हात पाच-सहा असतात. हिशेबाच्या वहीत 'बाबू साचेवाला 14 रुपये' असं काहीतरी सापडेल. त्या बाबूचा मुलगा किंवा निदान नातू गावात असेल, बहुतेक गणपतीचा कारखाना चालवत असेल. त्याच्याकडे जा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि प्रश्न कमी विचारा. आजोबा थोर होते का हे विचारू नका, होय म्हणेल. साच्याला आतून काय लावायचात, साबण की तेल? प्लास्टर किती वेळात उतरवायचात? पावसाळ्यात काय करायचात? असं विचारा. मग तो हाताने हवेत साचा काढून दाखवतो आणि त्याच्या तोंडून धंद्याचे असे शब्द येतात जे कुठल्या कोशात नाहीत. ते त्याच्याच उच्चारात लिहा, शुद्ध करू नका. आमच्या क्षेत्रात कलावंतांची चरित्रं रगड आहेत. कारखान्याचं चरित्र जवळजवळ नाही. तुमच्या एक लाखातले पंचवीस हजार जरी या रेकॉर्डिंगवर खर्च झाले तरी ते माझ्या मते सगळ्यात मोलाचे.

उरलेल्याचं काय? पहिल्या वर्षी फोटोग्राफी, आम्लविरहित कागद आणि पेट्या, आणि एक साधी यादी: क्रमांक, काय आहे, माप, माध्यम, सही, स्थिती. काचेच्या निगेटिव्ह उभ्या ठेवा, आडव्या एकमेकींवर रचल्या की खालच्या तडकतात. दुसऱ्या वर्षापासून एका तरुण संशोधकाला एसटीचं भाडं, राहणं आणि तीन-चार महिन्यांचं मानधन. रक्कम लहान वाटेल, पण ज्या विद्यार्थ्याला पाच गावांत पाच पुतळे पाहायचे आहेत त्याचा प्रबंध याच पैशांवाचून अडतो. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक फेलोशिप आहेत, बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाविषयक संशोधनाला अनुदान देतं. पण तिथे संशोधक अर्ज करतो. तुमचं काम, त्याने अर्जात लिहावं असं काहीतरी जागेवर असणं आणि दार उघडं असणं.

इथे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं उदाहरण द्यावंसं वाटतं. त्याच्या पैशातून 1977 साली, तो हयात असताना, प्रतिष्ठान उभं राहिलं. 1993 मध्ये लीड्सला त्याच्या नावाची संस्था सुरू झाली, तिथे शिल्पकलेचं ग्रंथालय आहे, शिल्पकारांची दप्तरं आहेत आणि अभ्यासकांना फेलोशिप मिळतात. लक्षात घ्या, अभ्यास मूरचाच असला पाहिजे अशी अट नाही. जुनं शिल्प, आजचं शिल्प, दुसऱ्या कुणाचंही. तुमच्या अटींतही असंच लिहा: जिल्ह्यातला कुठलाही शिल्पकार चालेल. आणि दुसरी अट, जी लिहिताना हात अडखळेल: लेख छापण्याआधी घरच्यांना दाखवण्याची सक्ती नाही. आजोबांनी एखादा चेहरा दुसऱ्याच्या फोटोवरून जसाच्या तसा उचलला असेल, मदतनिसाला पैसे दिले नसतील, तर तेही येईल. ते येऊ द्यायची तयारी नसेल तर खरंच पुरस्कार द्या, तो सुरक्षित आहे.

कायद्याचं एक कलम आत्ताच उरका. आपल्याकडे शिल्पाचा कॉपीराइट शिल्पकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत 2031 च्या अखेरपर्यंत. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या पुतळ्याचा फोटो छापायला अडचण नाही. शेडमधल्या कामांचे फोटो छापायला मात्र वारसांची परवानगी लागणार, म्हणून सगळ्या भावंडांच्या, पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्यांच्याही सह्या एका कागदावर घ्या. आज सगळे बोलताहेत एकमेकांशी. जागेचे पैसे वाटल्यानंतर बोलतीलच असं नाही.

चुलतबहिणीला सांगा की तिचं काम आजोबांच्या प्लास्टरपेक्षा लवकर जाणार आहे. मृणालिनी मुखर्जी, मुंबईत जन्मल्या, बडोद्याला शिकल्या, तागाच्या दोराच्या गाठी मारत माणसाएवढी शिल्पं उभी करत. आधी आराखडा काढत नसत. 2015 मध्ये त्या गेल्यावर कुठली गाठ कशी बसवायची हे विचारायला कुणी उरलं नाही, उरले ते फोटो आणि दोर. तेव्हा तिने प्रत्येक कामासोबत दोन पानं लिहावीत: कुठलं रेझिन, कुठल्या दुकानातलं, वायरिंग कसं, कुठला भाग झिजला तर बदलायचा आणि कुठला झिजू द्यायचा. शेवटचं फक्त तिलाच ठाऊक आहे. हे लिहायला तिला मानधन द्या, तुमच्याच निधीतून. कलावंत फुकट लिहीत नाहीत आणि लिहूही नये.

बिल्डरला पावसाळा संपेपर्यंत थांबवा. शेडचे पत्रे गळत असतील तर पोत्यांवर ताडपत्री टाका, पण पूर्ण गुंडाळू नका, आत वाफ धरते. ट्रंकांत डांबरगोळ्या टाकल्या असतील तर काढा. आणि त्या प्लास्टरांत एखाद्याच्या नाकावर पेन्सिलीचे ठिपके दिसले, तर पहिला फोटो त्याचा पाठवा. तो दगडी भाऊ कुठे उभा आहे ते शोधायला मी तुमच्याबरोबर येईन.